नवीन कॉलम टाकला की सगळं हँग होतं: दर वेळी हेच का?

तक्रार जवळपास नेहमी याच शब्दांत येते: "काही केलं नाही हो, फक्त एक फिल्ड वाढवलं. तेव्हापासून स्क्रीनच उघडत नाही." टेस्टिंगच्या मशीनवर कॉलम वाढवायची आज्ञा लगेच चाललेली असते. लाइव्हवर मात्र ती फिरत बसते. मग लॉगिन बंद, मग काउंटरवरची पावती बंद, आणि शेवटी कुणीतरी वैतागून सर्व्हर रीस्टार्ट करतं. रीस्टार्टनंतर सगळं सुरळीत चालतं, त्यामुळे कारण शोधायच्या भानगडीत कुणी पडत नाही. वार्षिक सभेच्या आधी कुणाला तरी अहवालात आणखी एक रकाना हवा असतो, आणि तोच खेळ पुन्हा सुरू होतो.

उदाहरणाला पतसंस्थेचं सॉफ्टवेअर धरू. डेटाबेस मायएसक्यूएल, त्यात सभासद नावाचं टेबल, काही लाख रेकॉर्ड, आणि दिवसभर काउंटरवरून वापर. त्यात मराठी नावासाठी कॉलम वाढवायचा आहे:

ऑल्टर टेबल सभासद अ‍ॅड कॉलम नाव_मराठी व्हारकॅर(१५०) नल;

(आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरांतच करा. टेबल-कॉलमची नावं मायएसक्यूएल देवनागरीतही घेतं, पण त्या वाटेला न गेलेलं बरं.)

काम चाललंय की नुसती वाट बघणं?

ऑल्टर (टेबलची रचना बदलणारी वरची आज्ञा) अडकला की ती विंडो तशीच राहू द्या. दुसऱ्या विंडोतून "शो फुल प्रोसेसलिस्ट" चालवा (सर्व्हरवरच्या सगळ्या कनेक्शनची यादी) आणि ऑल्टरच्या ओळीतला स्टेट वाचा. तिथे "ऑल्टरिंग टेबल" किंवा "कॉपी टू टेम्प टेबल" असेल तर सर्व्हर खरोखर राबतोय, टेबल मोठं आहे, वेळ लागणारच. पण दहातल्या आठ तक्रारींत तिथे "वेटिंग फॉर टेबल मेटाडेटा लॉक" असं असतं. म्हणजे ऑल्टर काहीच करत नाहीये, कुणाची तरी वाट बघतोय.

हे मेटाडेटा लॉक, म्हणजे टेबलच्या रचनेवरचं कुलूप, मायएसक्यूएल ५.५ पासून आलं. ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र पूर्ण किंवा एकत्र रद्द होणाऱ्या कामांच्या गटात) एखाद्या टेबलवर साधं सिलेक्ट, म्हणजे वाचन, जरी केलं, तरी त्या टेबलच्या रचनेवर एक हलकं लॉक लागतं, आणि ते सिलेक्ट संपल्यावर नाही, तर कमिट (काम पक्कं) किंवा रोलबॅक (काम रद्द) झाल्यावर सुटतं. रचना बदलायची तर ऑल्टरला ते टेबल क्षणभर का होईना, पूर्णपणे आपल्या एकट्याच्या ताब्यात लागतं. एक जरी हलकं लॉक शिल्लक असेल तरी तो थांबतो. इथपर्यंत समजायला सोपं आहे. घोळ पुढे आहे: ऑल्टर रांगेत उभा राहिला की त्याच्यानंतर आलेली साधी सिलेक्टसुद्धा त्याच्या मागे उभी राहतात. घाटात एक लांब ट्रेलर वळणावर अडला की मागच्या दुचाकीही अडतात, तसं. सभासद टेबल तर प्रत्येक स्क्रीनवर लागतं. बघता बघता रांग वाढते, मॅक्स कनेक्शन्सची मर्यादा (मुळात ती १५१ असते) भरते, आणि "टू मेनी कनेक्शन्स" दिसायला लागतं. ग्राहकाच्या दृष्टीने सर्व्हर पडला. प्रत्यक्षात सर्व्हरचा सीपीयू निवांत असतो, आणि हीच या रोगाची खूण आहे: सगळं ठप्प, पण लोड शून्याजवळ.

अशा वेळी पहिली गोष्ट म्हणजे सर्व्हर रीस्टार्ट करू नका, अडकलेला ऑल्टर किल करा, म्हणजे थांबवा. तो रांगेतून निघाला की मागची सगळी सिलेक्ट लगेच वाहायला लागतात. कॉलम पडला नाही तर नाही, काउंटर तरी चालू होतो. खरा गुन्हेगार नंतर शांतपणे शोधता येतो.

अडवणारा शोधायचा कसा

प्रोसेसलिस्टमध्ये लोक लांब चाललेल्या क्वेरी शोधतात आणि त्यांना काहीच सापडत नाही. कारण अडवणारं कनेक्शन बहुतेक वेळा "स्लीप" अवस्थेत असतं, क्वेरीच्या रकान्यात नल. त्याने आपलं सिलेक्ट तासाभरापूर्वीच संपवलेलं असतं, कमिट मात्र केलेलं नसतं. झोपलेल्यावर संशय कोण घेणार!

इन्फर्मेशन स्कीमामधलं (सर्व्हर स्वतःबद्दलची माहिती जिथे दाखवतो तिथलं) इनोडीबी_टीआरएक्स, म्हणजे चालू ट्रान्झॅक्शनची यादी, पाहा आणि ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याच्या वेळेनुसार लावा. सर्वांत जुनं ट्रान्झॅक्शन वर येईल, शेजारी त्याचा थ्रेड नंबर असेल. त्याहून थेट वाट म्हणजे सिस स्कीमातला स्कीमा_टेबल_लॉक_वेट्स हा व्ह्यू. कोण थांबलंय, कोणामुळे थांबलंय आणि त्याला किल करायची तयार आज्ञा, सगळं एका ओळीत मिळतं. दोन गोष्टी मात्र लक्षात असू द्या. मायएसक्यूएलच्या ५.७ आवृत्तीवर मेटाडेटा लॉकची नोंद मुळात बंद असते, परफॉर्मन्स स्कीमात ती आधी चालू करावी लागते, ८.० वर ती चालूच असते. दुसरं असं की या यादीत अडवणारा म्हणून ऑल्टरचं स्वतःचं नावही येतं, कारण अर्धवट लॉक त्याच्याकडेही असतं. यादीतला पहिला नंबर डोळे मिटून किल करू नका.

आणि किल करताना "किल क्वेरी" नको, नुसतं "किल" आणि नंबर. किल क्वेरी फक्त चालू क्वेरी थांबवतं. झोपलेल्या कनेक्शनकडे थांबवण्यासारखी क्वेरीच नसते, ट्रान्झॅक्शन तसंच उघडं राहतं, आणि आपण म्हणतो किल करूनही फरक पडला नाही.

अडवणारे ठरलेलेच असतात. कुणीतरी वर्कबेंच किंवा डीबीव्हर या डेटा बघायच्या साधनात ऑटोकमिट (प्रत्येक आज्ञेनंतर आपोआप कमिट) बंद करून डेटा बघितला आणि विंडो उघडी टाकून चहाला गेला. वेट टाइमआउट (निष्क्रिय कनेक्शन तोडायची मुदत) मुळात २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास असतो, त्यामुळे सकाळचं कनेक्शन संध्याकाळपर्यंत जिवंत राहू शकतं. पायथनची स्क्रिप्ट हा दुसरा नेहमीचा संशयित: मायएसक्यूएलची कनेक्टर लायब्ररी ऑटोकमिट बंद ठेवूनच सुरू होते. सभासदांची यादी सिलेक्ट करून एकेकाला एसएमएस पाठवत बसणारी स्क्रिप्ट शेवटचा एसएमएस जाईपर्यंत टेबल अडवून ठेवते, आणि ती लिहिणारा शपथेवर सांगतो की मी फक्त वाचतोय, लिहीत काहीच नाही. तिसरा, रात्रीचा बॅकअप. डम्प (बॅकअपसाठी डेटा फाइलमध्ये उतरवणं) चालू असताना ऑल्टर करूच नका. टेबल वाचणं सुरू असेल तर ऑल्टर अडकेल, आणि अजून वाचायचं असेल तर ऑल्टर होईल पण डम्पच "टेबल डेफिनिशन हॅज चेंज्ड" म्हणून फसेल. हे दुसरं जास्त वाईट, कारण बॅकअप फसल्याचं सकाळी कुणी बघत नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून

ऑल्टरच्या आधी त्याच सेशनमध्ये लॉक_वेट_टाइमआउट पाच सेकंदांवर आणा:

सेट सेशन लॉक_वेट_टाइमआउट = ५;

याची मूळ किंमत ३,१५,३६,००० सेकंद आहे. हिशेब करून पाहा, बरोबर एक वर्ष! म्हणजे मायएसक्यूएलच्या मते ऑल्टरने रांगेत वर्षभर उभं राहायला हरकत नाही. पाच सेकंद ठेवले की लॉक न मिळाल्यास ऑल्टर १२०५ नंबरची चूक देऊन बाजूला होतो, मागच्यांना पाच सेकंदांपेक्षा जास्त खोळंबा होत नाही, आणि आपण थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. नावात इनोडीबी असलेला, ५० सेकंदांचा टाइमआउट वेगळा. तो रेकॉर्डच्या लॉकसाठी असतो, मेटाडेटा लॉकला त्याचा काही संबंध नाही. लोक तोच बदलतात आणि उपाय चालला नाही म्हणतात.

दुसरी सवय म्हणजे आज्ञेच्या शेवटी स्वल्पविराम देऊन "अल्गोरिदम = इन्स्टंट" लिहायचं. ८.०.१२ पासून नवीन कॉलम फक्त टेबलच्या माहितीत नोंदवून टाकता येतो, जुन्या रेकॉर्डना हातही लागत नाही. आपण काहीच लिहिलं नाही तरी सर्व्हर आधी इन्स्टंटच करून पाहतो, पण जमलं नाही तर गुपचूप लांबच्या वाटेने जातो आणि अख्खं टेबल नव्याने रचायला घेतो. डिस्कवर तेवढीच जागा आणखी लागते, आणि रेप्लिका (डेटाची प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर) असेल तर तीही तेवढाच वेळ मागे पडते. इन्स्टंट स्पष्ट लिहिलं की जमत नसल्यास तो सरळ चूक दाखवतो. मग काम दुपारी रेटायचं की रात्री करायचं ते आपण ठरवतो, सर्व्हर नाही.

इन्स्टंट न जमण्याची कारणं बहुधा साधी असतात. ८.०.२८ पर्यंत कॉलम शेवटीच टाकता येतो. "पिनकोड पत्त्याच्या शेजारीच दिसला पाहिजे" या हट्टापायी आज्ञेत "आफ्टर पत्ता" लिहिलं, की काही लाख रेकॉर्ड नव्याने लिहिले जातात. कॉलमचा क्रम हा स्क्रीनचा आणि रिपोर्टचा विषय आहे, टेबलमध्ये तो कुठेही असला तरी काही बिघडत नाही. ८.०.२९ पासून मध्येही इन्स्टंट टाकता येतो, पण तिथे वेगळी मेख आहे: कॉलम टाकण्या-काढण्याच्या प्रत्येक इन्स्टंट बदलागणिक टेबलची एक रो-व्हर्जन वाढते आणि ८.० मध्ये त्याची मर्यादा ६४ आहे. दर महिन्याला फिल्ड वाढवणाऱ्या संस्थेत ही मर्यादा कधीतरी गाठली जाते, आणि मग "गेल्या वेळी तर लगेच झालं होतं" अशी तक्रार येते. इन्फर्मेशन स्कीमाच्या इनोडीबी_टेबल्समध्ये टोटल_रो_व्हर्जन्स पाहा. आकडा चढलेला असेल तर एखाद्या रविवारी रात्री टेबल एकदा नव्याने रचून घ्या, मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. टेबलवर फुलटेक्स्ट इंडेक्स (मजकुरातले शब्द शोधायची सूची) असेल किंवा रो फॉरमॅट कॉम्प्रेस्ड असेल, तर इन्स्टंटचा नाद सोडाच.

आणि हे ठळकपणे: इन्स्टंट म्हणजे लॉक लागत नाही असं नाही. मेटाडेटा लॉक इन्स्टंटलाही क्षणभर लागतंच. झोपलेलं ट्रान्झॅक्शन समोर असेल तर इन्स्टंट ऑल्टरही तितकाच अडकतो, म्हणून टाइमआउटची ओळ कधीच सोडू नका.

पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी: रोग तोच, नावं वेगळी. तिथेही ऑल्टरला अ‍ॅक्सेस एक्स्क्लुझिव्ह लॉक लागतं, मागे तशीच रांग लागते, आणि अडवणारा "आयडल इन ट्रान्झॅक्शन" म्हणून दिसतो. पीजी_ब्लॉकिंग_पिड्स या फंक्शनला अडकलेल्याचा नंबर दिला की अडवणाऱ्यांचे नंबर मिळतात. टाइमआउटचं नाव नुसतं लॉक_टाइमआउट, आणि तो मुळात बंदच असतो. २०१८ च्या ११ व्या आवृत्तीपासून स्थिर डिफॉल्ट (आपोआप भरली जाणारी ठरलेली किंमत) असलेला कॉलम लगेच पडतो. रँडमसारखं प्रत्येक रेकॉर्डला वेगळी किंमत देणारं डिफॉल्ट दिलं तर मात्र अजूनही अख्खं टेबल नव्याने लिहिलं जातं.

कॉलम पडला, पण नावांच्या जागी प्रश्नचिन्हं

ही खास आपल्याकडची तक्रार. नाव_मराठी कॉलम व्यवस्थित पडतो, आणि त्यात "ज्ञानेश्वर" भरलं की वाचताना नुसती प्रश्नचिन्हं येतात. किंवा सर्व्हर कडक मोडमध्ये असेल तर १३६६ नंबरची चूक येते, "इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू", आणि पुढे ई० ए४ अशा जोड्यांची माळ. ही माळ दिसली की समजायचं, मराठी मजकूर युनिकोडमध्ये धडधाकट येऊन पोहोचलाय, कॉलमच त्याला घ्यायला तयार नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ मध्ये (युनिकोड बाइटांत लिहायची पद्धत) ई० ए४ किंवा ई० ए५ नेच सुरू होतं.

कारण असं की, नवीन कॉलमला वेगळं काही सांगितलं नाही तर तो टेबलचा कॅरॅक्टर सेट (कोणती अक्षरं कशी साठवायची ते ठरवणारं सेटिंग) उचलतो. ५.७ पर्यंत मायएसक्यूएलचा मूळ कॅरॅक्टर सेट लॅटिन१ होता, त्यात देवनागरी बसत नाही. सर्व्हर ८.० वर नेला म्हणून जुनी टेबलं आपोआप बदलत नाहीत. "आम्ही तर अपग्रेड केलंय" हे उत्तर इथे उपयोगाचं नाही. "शो क्रिएट टेबल सभासद" चालवा आणि शेवटची ओळ वाचा. लॅटिन१ दिसलं तर कॉलम टाकतानाच युनिकोडचा युटीएफ८एमबी४ सांगा:

ऑल्टर टेबल सभासद अ‍ॅड कॉलम नाव_मराठी व्हारकॅर(१५०) कॅरॅक्टर सेट युटीएफ८एमबी४ नल;

अख्खं टेबल "कन्व्हर्ट टू" ने बदलायचा मोह होईल. त्याआधी जुन्या कॉलममध्ये काय आहे ते तपासा. काही जुन्या प्रोग्रॅमनी कनेक्शनही लॅटिन१ ठेवून युनिकोडचे बाइट तसेच्या तसे लॅटिन१ कॉलममध्ये कोंबलेले असतात. त्या प्रोग्रॅममधून मराठी छान दिसतं, दुसऱ्या कुठूनही पाहिलं की कचरा. अशा टेबलवर कन्व्हर्ट टू चालवलं तर तो कचराच अधिकृत होतो. तिथे कॉलम आधी बायनरी प्रकारात न्यायचा आणि मग युटीएफ८एमबी४ मध्ये, म्हणजे बाइट न बदलता फक्त त्यांची ओळख बदलते. साठवल्या गेलेल्या प्रश्नचिन्हांना मात्र इलाज नाही, मूळ अक्षरं गेली ती गेली. ती नावं पुन्हा भरायची.

लांबीही मोजून ठरवा. "ज्ञानेश्वर" आपल्याला चार अक्षरं दिसतात. व्हारकॅर त्याची दहा मोजतो, कारण हलन्त आणि मात्रा वेगळ्या धरल्या जातात, आणि बाइट होतात तीस. इंग्रजी नावाला ५० पुरत होते म्हणून मराठीलाही ५० ठेवले, तर वडिलांचं नाव आणि आडनाव धरून जोडाक्षरांचं एखादं नाव बरोबर मध्येच तुटतं. दुसऱ्या बाजूने, सढळ हाताने व्हारकॅर(५०००) वाटत सुटलात तर १११८ नंबरची चूक भेटेल: एका रेकॉर्डची कमाल लांबी ६५,५३५ बाइट, आणि युटीएफ८एमबी४ मध्ये प्रत्येक चिन्हाचे चार धरले जातात.

चूक भलत्याच कॉलमची

टाकायचा होता नाव_मराठी, आणि चूक आली १०६७, "इनव्हॅलिड डिफॉल्ट व्हॅल्यू", नाव मात्र कुठल्या तरी जुन्या बदल_तारीख कॉलमचं. माणूस चक्रावतो. ऑल्टर करताना टेबलच्या सगळ्या कॉलमची व्याख्या तपासली जाते, आणि जुन्या कॉलमचं डिफॉल्ट सगळी शून्यं असलेली तारीख असतं. ५.७ पासून मूळ सेटिंगमध्ये ती चालत नाही. त्याच ऑल्टरमध्ये त्या कॉलमचं डिफॉल्ट नीट करा, शून्य तारखांचे रेकॉर्ड आधी नल करून घ्या. इंटरनेटवर सर्रास मिळणारा "एसक्यूएल मोड रिकामा करा" हा सल्ला घेऊ नका, त्याने उद्या ३१ फेब्रुवारीसुद्धा चूक न दाखवता शून्य तारीख होऊन आत जाईल.

कॉलम पडल्यावर दुसऱ्या दिवशी येणाऱ्या तक्रारी

नॉट नल कॉलम डिफॉल्टशिवाय टाकला की जुना प्रोग्रॅम पुढच्या इन्सर्टला (नवीन रेकॉर्ड टाकताना) १३६४ नंबरची चूक खातो. त्याला नवीन कॉलम ठाऊकच नसतो. म्हणून आधी नल चालणारा कॉलम, मग नवीन प्रोग्रॅम, मग जुन्या रेकॉर्डमध्ये थोडं थोडं भरणं, आणि सगळ्यात शेवटी नॉट नल. कॉलमची नावं न देता लिहिलेली इन्सर्ट तर लगेचच मोडतात, चूक ११३६: "कॉलम काउंट डझन्ट मॅच". व्ह्यूमधल्या (नाव देऊन साठवलेल्या सिलेक्टमधल्या) स्टारचं, म्हणजे "सगळे कॉलम" या खुणेचं, उलटं असतं: तो व्ह्यू बनवताना जे कॉलम होते तेवढेच गोठवतो, नवीन कॉलम त्यात दिसतच नाही. व्ह्यू पुन्हा बनवा.

यातलं सगळ्यात छळणारं प्रकरण म्हणजे इतिहास टेबल. सभासदात बदल झाला की जुनी नोंद सभासद_इतिहासमध्ये टाकणारा ट्रिगर (बदल झाला की आपोआप चालणारी आज्ञा) बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असतो, आणि तो बहुतेकदा "इन्सर्ट इनटू सभासद_इतिहास सिलेक्ट स्टार" असाच लिहिलेला असतो. मूळ टेबलला एक कॉलम वाढला, इतिहासाला नाही, की ट्रिगर ११३६ देऊन फसतो, आणि ट्रिगर फसला की मूळ अपडेटही फसतं. काउंटरवरच्या माणसाला एवढंच कळतं की सभासदाचा मोबाइल नंबर बदलता येत नाही. चूक सभासदच्या स्क्रीनवर, म्हणून लोक तिथेच शोधत बसतात. ऑल्टरच्या आधी "शो ट्रिगर्स" बघा. असा ट्रिगर असेल तर कॉलम आधी इतिहासात टाकून चालणार नाही, त्यानेही संख्या चुकतेच. आधी ट्रिगरमध्ये कॉलमची नावं लिहून तो दुरुस्त करा, मग इतिहासाला कॉलम वाढवा, मग सभासदाला, आणि शेवटी ट्रिगरमध्ये नव्या कॉलमची भर घाला. ट्रिगर बदलताना जुना पाडून नवा बनवावा लागतो, मधल्या क्षणात झालेले बदल इतिहासात येत नाहीत, तेव्हा हे काउंटर बंद झाल्यावरच करा.